प्लेटो वाचताना भेटलेलं ‘म्हणे’

अथेन्सला येऊन मला तीन वर्षं होतील. दर मंगळवारी संध्याकाळी पांग्राती भागातल्या एका घरी आम्ही पाच जण जमतो आणि प्लेटोचं ‘सिम्पोझिअम’ हे मेजवानीतल्या गप्पांचं पुस्तक मूळ ग्रीकमधून वाचतो. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झाल्यात. दीड तासात अर्धं पान झालं तरी आम्ही खूश.

प्रसंग इ.स.पू. ४१६चा. अगाथॉन या तरुण नाटककाराला पहिलं बक्षीस मिळालंय, त्याच्या घरी मेजवानी आहे. आदल्या रात्री सगळ्यांना जरा जास्तच झालेली, म्हणून आज बेतानं प्यायची आणि पाळीपाळीनं प्रेमाच्या देवाची, एरॉसची, स्तुती करायची असं ठरतं.

माझी गाडी अडली ती व्याकरणाशी. गोष्ट सांगणारा अपोलोडोरस त्या रात्री तिथे नव्हताच. तेव्हा तो लहान होता. त्याला हे सांगितलं मेजवानीला हजर असलेल्या अरिस्टोडेमसनं. अशी ऐकीव गोष्ट सांगताना ग्रीकमध्ये कर्ता द्वितीयेत जातो आणि क्रियापद पुरुष-वचन टाकून देतं. भाषणं सोडली तर बरंचसं पुस्तक असंच चालतं, मध्ये मध्ये नुसतं ‘एफे’, म्हणजे ‘तो म्हणाला’. महिनाभर मी प्रत्येक वाक्याला ‘तो म्हणाला की’ जोडत होते आणि मराठी पार लंगडी होत होती.

मग सॉक्रेटिस रस्त्यात भेटतो ते वाक्य आलं. वहीत आपसूक लिहिलं गेलं: ‘सॉक्रेटिस म्हणे न्हाऊनधुऊन, पायात वहाणा घालून निघाला होता.’ एरवी अनवाणी हिंडणारा माणूस! एका ‘म्हणे’त सगळं बसलं. आजी गावातल्या लग्नाची हकीकत अशीच सांगायची: ‘नवरामुलगा म्हणे जेवलाच नाही.’

घरी येऊन शोधलं. आपलं ‘म्हणणे’ संस्कृत ‘भण्’वरून आलं. हा भण् आणि ज्याचं ‘एफे’ हे रूप तो ग्रीक ‘फेमी’ धातू एकाच कुळातले मानतात. ‘एफे’मधला सुरुवातीचा, भूतकाळ दाखवणारा ‘ए’ तर आपल्या ‘अगच्छत्’मधला ‘अ’च. त्या रात्री मला झोप लागेना.

बाईंना सांगितलं तर त्यांनी मलाच वाचायला बसवलं. आजचे ग्रीक लोक प्राचीन मजकूरही आजच्याच उच्चारात वाचतात. प्लेटोच्या काळी त्यातल्या काही अक्षरांचे उच्चार मात्र आपल्या फळातला फ, थंडीतला थ, खारीतला ख असे होते. मी ‘फिलोस’, ‘थेओस’ म्हणत गेले. बाईंनी आपला तळहात माझ्या ओठांसमोर धरला आणि प्रत्येक फ-थला श्वासाचा झोत लागतोय का ते बघत राहिल्या. मग स्वतःचा हात स्वतःच्या तोंडासमोर धरून त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली.

सध्या आम्ही मेजवानीतल्या विनोदी नाटककाराच्या, अरिस्टोफेनिसच्या, उचकीपाशी आहोत. बोलायची पाळी आली आणि नेमकी तेव्हाच लागली! वैद्य एरिक्सिमाकस सांगतो: श्वास रोखून धर, नाहीतर गुळण्या कर, तरीही थांबली नाही तर नाकात काहीतरी घालून शिंक काढ.

शेवटी पहाट होते, सगळे झोपलेले असतात, आणि सॉक्रेटिस उठून लिकेऑनला आंघोळीला जातो. तिथल्या व्यायामशाळेचे अवशेष १९९६ साली सापडले; २०१४पासून ते सगळ्यांना बघता येतात. बाईंच्या घरून चालत जाण्याइतकं जवळ आहे. शेवटचं पान तिथे जाऊन वाचायचं ठरलंय.