भाऊजींसाठी नारळ

आज मावशीला घेऊन दीवच्या खुकरी स्मारकावर जाऊन आलो. किती वर्षं चाललं होतं तिचं, एकदा ने रे, एकदा ने.

तिचे धाकटे दीर आयएनएस खुकरीवर खलाशी होते. वय २१. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. पण त्या १७६ जणांतल्या एखाद्याचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का? मलाही कालपर्यंत एवढंच माहीत होतं की मावशीचे एक दीर 'लढाईत गेले'.

घरी काहीच आलं नाही. ना देह, ना ट्रंक. मावशीच्या सासूबाईंनी फोटोला हार घालू दिला नाही, शेवटपर्यंत. पोहायला पट्टीचा होता, येईल, म्हणायच्या.

काचेत ठेवलेल्या खुकरीच्या प्रतिकृतीसमोर मावशी बराच वेळ उभी होती. काचेवर बोट टेकवून मला विचारलं, "ह्यात खालच्या मजल्यावर कुठे असतील रे ते?" मला सांगता आलं नाही.

मग खाली पाण्याशी गेलो. तिने चपला काढल्या, पिशवीतून घरच्या माडाचा नारळ काढला, हळदकुंकू लावलं आणि पाण्यात सोडताना म्हणाली, "भाऊजी, उशीर झाला हो यायला."

लाटेने नारळ दोनदा परत आणला. तिसऱ्यांदा नेला.