मेंढ्यांच्या वाटेनं

शनिवार, रात्र

दोनदा साबण लावला तरी नखांतली तांबडी धूळ निघाली नाही. लेन्सची कडी फिरवली की बारीक करकर ऐकू येते. वाऱ्यात उघड्यावर लेन्स बदलायची नाही हे मला माहीत होतं. तरी बदललीच.

आजची मोठी फजिती वाटेची. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स रेंजेस या डोंगररांगांमध्ये हेसन ट्रेल हा १,२०० किलोमीटरचा पायी मार्ग काही ठिकाणी अजूनही मेंढ्या चरणाऱ्या जमिनींतून जातो. दुपारी खुणेचा खांब दिसेना, पण समोर मळलेली वाट होती. एका पावलाएवढी रुंद, दगड चुकवत जाणारी, चढ अंगावर न घेता वळसा घालणारी. मैत्रीण म्हणाली, "कुणीतरी विचार करून आखलीय गं." पाऊण तास त्या वाटेनं गेलो. हळूहळू डावी-उजवीकडून तशाच वाटा येऊन मिळायला लागल्या आणि शेवटी सगळ्या मिळून एका पत्र्याच्या हौदापाशी संपल्या. भोवती लेंड्यांचा थर. आम्ही मेंढ्यांच्या मागे पाण्यावर आलो होतो! फार हसलो, मग मुकाट्यानं मागे फिरलो.

पण त्या हौदापाशी उभी असताना जे दिसलं ते डोक्यातून जात नाही. हौदालगत जमीन पार उघडी, खुरांनी पीठ झालेली. थोडं पुढे काटेरी, बेचव असावं असं काहीतरी. आणि बरंच लांब गेल्यावर कुठे सॉल्टबुशची करडी-निळसर झुडपं. मेंढी पाण्यापासून जेवढं लांब जाऊन परत येऊ शकते, तेवढं वर्तुळ बोडकं. सकाळपासून मी ज्या 'मोकळ्या' जमिनीचे फोटो काढत होते, त्यातली निम्मीअधिक अशी मोकळी केलेली असणार.

काल कन्याकाला गेलो होतो, क्वॉर्नहून हॉकरला जाताना लागतं. ते एक जुनं 'स्टेशन'. इथे स्टेशन म्हणजे मेंढ्यांचा किंवा गुरांचा अफाट पसारा, रेल्वेशी संबंध नाही. ते वसवणारा ह्यू प्रॉबी १८५२ मध्ये वादळी पावसात फुगलेल्या विलोक्रा ओढ्यात बुडाला. पाण्यासाठी तरसणाऱ्या मुलखाचा पहिला मालक पाण्यानंच गेला. पुढे तिथे गावाएवढी वस्ती झाली. मग १८६४ ते ६६ चा दुष्काळ आला, मेंढ्या हजारांनी मेल्या. आता छपरं नाहीत, दगडी भिंती आणि धुराडी आहेत. एका दाराचा उंबरा मधोमध बशीसारखा झिजलाय. त्यावर हात ठेवून बराच वेळ बसले. फोटो काढला तर नुसता दगड आला.

त्याच दुष्काळात, १८६५ मध्ये, सर्व्हेअर जनरल, म्हणजे सरकारी जमीन-मोजणीचा प्रमुख, जॉर्ज गॉयडर घोड्यावरून हिंडला आणि त्यानं झाडझाडोरा बघून नकाशावर रेघ ओढली. रेघेच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, पेरू नका. पुढची काही वर्षं पाऊस बरा झाला, लोकांनी त्याला वेड्यात काढलं, नांगर उत्तरेला नेले. १८८० च्या दशकात ते परत फिरले. मला हा माणूस आवडतो. फोटोग्राफरनं असं बघायला हवं, झुडूप कुठे बदलतं ते.

आणि या सगळ्याच्या आधी अद्न्यामातना लोक होते, आजही आहेत. नावाचा अर्थच खडकांची माणसं. मेंढपाळांनी आधी कायमचे पाणवठे धरले, म्हणजे नेमकं अद्न्यामातनांचं पाणी. हे कुठल्या फोटोत येणार?

विल्पेनाजवळचं ते प्रसिद्ध झाडही पाहिलं. फोटोग्राफर हॅरॉल्ड कॅझनोनं १९३७ मध्ये टिपलेला रिव्हर रेड गम, म्हणजे निलगिरीचाच एक प्रकार, बुंधा फाटलेला, मुळं उघडी, अजून उभा. सगळे काढतात त्याच कोनातून मीही काढला. पुसून टाकला.

रात्री फोटो चाळताना एक खोड सापडली, माझीच. कुंपण चौकटीत येऊ नये म्हणून मी दर वेळी दोन-तीन पावलं सरकलेय. तारेचा एक कोपरासुद्धा नाही. डोंगर कसे, जणू तिथे कुणी कधी आलंच नाही. एवढी स्वच्छता कशाला राखली मी?

म्हणून संध्याकाळी एका खांबापाशी मुद्दाम थांबले होते, ते बरं केलं. इथल्या पाइनचा ओबडधोबड खांब. या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून खांबांसाठी हीच झाडं तोडली. तार घासून घासून त्यात बोटभर खोल खाच पडलीय. तार मात्र आता नाही. कलता उजेड नेमका त्या खाचेत शिरला होता.

एकशे चाळीसमधले तीन फोटो ठेवले. हा खांब, एक धुराडं, आणि हौदाजवळचा चिखल. चिखलात माझ्या बुटाचा ठसा आहे आणि त्याच्या टाचेवर खुराचा. म्हणजे तिथेच आमची पाठ वळताच एखादी मेंढी पाणी पिऊन गेली असणार.