खांदेरीपर्यंत, फर्लरच्या भरवशावर

गेटवेपासून खांदेरी बेट जवळजवळ सरळ दक्षिणेला, साधारण १३ सागरी मैल. शिडाच्या छोट्या होडीने जायचं तर सकाळची ओहोटी आणि दुपारनंतरची भरती असा दिवस भरतीच्या तक्त्यात शोधून ठेवावा. ओहोटी बंदराबाहेर काढते, भरती आत आणते. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा ईशान्येकडून असतो, तो सकाळभर मंद होत जातो. मग तास-दीड तास समुद्र अगदी निपचित. दुपारी खारा वारा वायव्येकडून उठतो आणि चार वाजेपर्यंत चांगलाच जोर धरतो. फेब्रुवारीनंतर हा दुपारचा वारा १५ ते १८ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी तितक्या सागरी मैलांपर्यंत सहज जातो. तेव्हा जाताना वारा पाठीशी आणि येताना तोंडावर, हे गृहीत धरूनच निघायचं.

होडी मित्राची. २५ फुटी, एक डोलकाठी, मागे मेनसेल, पुढे जिब अशी दोन शिडं, शिवाय आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावलेलं इंजिन. आम्ही दोघं आणि होडीची देखभाल करणारे तांडेलकाका. जिब फर्लरवर, म्हणजे शीड गुंडाळायच्या यंत्रावर बसवलेली, आणि या वृत्तांताचा मोठा भाग तिच्याबद्दलच आहे, कारण त्या सफरीतली मजा तिनेच दिली आणि घामही तिनेच काढला.

ज्यांनी फर्लर जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डोलकाठीपासून नाळेपर्यंत, होडीच्या पुढच्या टोकापर्यंत, जी तार ताणलेली असते, म्हणजे फोरस्टे, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची खाच असलेली लांब नळी चढवतात. शिडाची पुढची कड त्या खाचेतून वर सरकवायची. खाली दोरीचा ड्रम, वर स्विव्हल, म्हणजे फिरती जोडणी. ड्रमची दोरी कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या बसायच्या जागेत बसून ओढली की नळी स्वतःभोवती फिरते आणि शीड तिच्यावर गुंडाळलं जातं. उघडायचं असेल तेव्हा शीट, म्हणजे शिडाच्या मागच्या कोपऱ्याची दोरी ओढायची, ड्रमची दोरी आपोआप ड्रमवर परत चढते. कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात वायकम-मार्टिन फर्लर निघाला, पण त्यात शीड एक तर पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद. अर्धवट गुंडाळून वापरता येतं ते हल्लीच्या नळीवाल्या फर्लरमुळे.

सकाळी सातच्या सुमारास बोया सोडला. सकाळच्या फेरीबोटी सुरू होत होत्या, त्यांच्या लाटा कापत सन्क रॉकच्या दीपस्तंभापर्यंत आउटबोर्डवर गेलो. तिथे इंजिन बंद. मित्राने शीट ओढली, जिबने एकदा फडफड केली आणि ती भरली. नाळेवर कोणीही गेलं नाही. पूर्वी याच होडीवर हुकवाली जिब होती. तेव्हा एकाने ओल्या डेकवर गुडघे टेकून बसायचं, एकेक हूक तारेला लावायचा आणि वाऱ्याने गालफडावर बसणारी शिडाची चापट निमूट सोसायची. उतरवलेलं ओलं शीड मग केबिनमध्ये, जेवणाच्या डब्याशेजारी. फर्लर लावल्यापासून तो डबा कोरडा असतो.

खरा उपयोग कळला तो मांडवा ओलांडल्यावर. थळपर्यंत कोळ्यांची डोल जाळी लागतात. रोवलेले खांब, बांधलेले बोये, मध्येच एखादा रिकामा डबा तरंगत असतो आणि त्याखाली दोर. मोठी जिब डेकपर्यंत आलेली असली की तिच्या आडोशाचं काही दिसत नाही. काका म्हणाले, "थोडी गुंडाळा, पुढचं बघू द्या." चार-पाच हात दोरी ओढली, जिब अर्धी झाली, समोरची खांबांची रांग दिसली. रांग मागे पडताच पुन्हा सोडली. हुकवाल्या शिडाने हे कोणी दिवसातून दहा वेळा करणार नाही, आणि या पट्ट्यात ते दहा वेळा करावं लागतं. जाळ्याच्या वाऱ्याच्या बाजूने जाण्याचा हट्ट करू नका. दोर कीलमध्ये, म्हणजे होडीच्या तळाच्या पात्यात अडकला तर जाळंही जातं आणि कोळ्याची दिवसाची कमाईही.

खांदेरी बेटाच्या पूर्वेला, दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात धक्का आहे. वायव्येच्या वाऱ्यात इथे आडोसा चांगला मिळतो. भोवताली खडक आहेत, तेव्हा ओहोटीच्या तळाला आत शिरू नये. उतरायचं असेल तर परवानगीची चौकशी मुंबईतच करून निघावं. वर १८६७ सालचा दीपस्तंभ, कोळ्यांचा वेताळ, आणि दगडाने ठोकलं की धातूसारखा नाद देणारा तो प्रसिद्ध खडक. १६७९ साली महाराजांनी इथे तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांनी वेढा घातला. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या वल्ही-शिडांच्या हलक्या होड्या रात्रीच्या पडलेल्या वाऱ्यात इंग्रजांच्या जहाजांना हुलकावणी देऊन बेटावर रसद पोहोचवत. वारा पडला की मोठी शिडं कशी लाचार होतात ते साडेअकरा वाजता नांगरावर बसून आम्हालाही कळत होतं.

दीडच्या सुमारास वारा आला. गेटवे तोंडावर होतं, पण मांडवा ईशान्येच्या अंगाला, म्हणजे वारा बऱ्यापैकी बाजूने. मुक्काम मांडव्याला, हे आधीच ठरलं होतं. वारा वाढला तशी जिब तिसरा हिस्सा गुंडाळून घेतली. इथे एक गोष्ट लोक विसरतात. शीड गुंडाळलं की त्याचा खालचा मागचा कोपरा पुढे आणि वर सरकतो, म्हणून शीट जिथून जाते ती कप्पीही पुढे सरकवावी लागते. ती मागेच राहिली तर शिडाचा वरचा भाग उघडा पडून फडफडत राहतो. शिवाय गुंडाळलेल्या जिबचं पोट फुगतं आणि होडी वाऱ्याच्या तोंडावर नीट चढत नाही. पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवलेली असेल तर फरक पडतो, पण थोडाच. अर्ध्याहून जास्त गुंडाळून वाऱ्यावर चढायची अपेक्षा ठेवू नये.

मांडव्याचा बंधारा दिसू लागला, रो-रो बाहेर पडत होती, तिला वाट द्यायला शिडं आवरायची ठरली. मित्राने ड्रमची दोरी ओढली. दोन फेरे फिरले आणि दोरी थांबली. शीट सैल केली, पुन्हा ओढली. ढिम्म. तो दोरी विंचवर, म्हणजे दोरी ओढायच्या चक्रावर घ्यायला लागला तसे काका ओरडले, "विंचवर नको! आधी खाली बघू, मग वर."

हा क्रम पाठ करण्यासारखा आहे. खाली म्हणजे ड्रम. उघडताना दोरी सैल सोडली तर ड्रमवर वेटोळी ढिली बसतात आणि एखादा फेरा दुसऱ्याखाली दबतो. काका रांगत पुढे गेले, ड्रमवरची वेटोळी बोटांनी चाचपली. नीट होती. मग दुर्बीण काढून वर पाहिलं. स्विव्हलच्या वर हॅलयार्डने, म्हणजे शीड वर चढवायच्या दोरीने, नळीभोवती दीड वेढा घेतलेला होता.

असं का होतं? स्विव्हलचा वरचा भाग स्थिर राहायला हवा आणि खालचा शिडाबरोबर फिरायला हवा. हॅलयार्ड डोलकाठीकडून थोड्या कोनात, मागे ओढत आली तर वरचा भाग जागेवर धरून ठेवते. ती नळीला समांतर आली किंवा ढिली असली की स्विव्हलबरोबर तीही फिरते आणि नळीला विळखा घालते. मित्राची जिब गेल्या वर्षी दुरुस्तीला गेली होती. कारागिराने वरची फाटकी बाजू कापून शीड हातभर आखूड केलं आणि बिल पाठवलं, पण आता स्विव्हल खाली येईल, शिडाच्या डोक्याला जोड लागेल, हे सांगितलं नाही. काम सुबक होतं, टाके एकसारखे होते, फक्त ते शीड फर्लरवर चालणार आहे हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. अशा वेळी विंचचा जोर लावला तर हॅलयार्ड तुटते, नळी पिळते, आणि नशीब फारच वाईट असेल तर फोरस्टेच्या तारेचे पदर उलगडतात. मग डोलकाठीच मागे कोसळते.

आम्ही होडी वाऱ्यापुढे वळवली, म्हणजे जिब मेनसेलच्या आडोशाला आली आणि तिच्यावरचा ताण गेला. काकांनी दोन्ही हातांनी ड्रम उलटा फिरवला, जेवढी गुंडाळली होती तेवढी उघडली. दुर्बिणीत वरचा विळखा सुटताना दिसला. मग हॅलयार्ड सोडून जिब सरळ खाली उतरवली. फर्लरवरचं शीड उतरवणं गैरसोयीचं असतं, कारण कड खाचेतून निसटली की ते कुठेच बांधलेलं राहत नाही. एकाने ओढायचं, दुसऱ्याने अंगाखाली दाबून धरायचं. मेनसेल आणि आउटबोर्डवर आत गेलो.

विळखा सुटलाच नसता तर? तेव्हा शीड गुंडाळण्याऐवजी होडीच गोल फिरवायची. इंजिनावर लहान वर्तुळं घेत शीट हातात धरली की शीड तारेभोवती गुंडाळलं जातं. फेरे दिसतात हास्यास्पद, पण शीड वाचतं.

संध्याकाळी धक्क्याजवळ दुरुस्ती केली. शिडाचं डोकं आणि स्विव्हल यांच्यामध्ये न ताणणाऱ्या डायनीमा दोरीचा हातभर तुकडा. लांबी अशी की शीड पूर्ण ताणलं तरी स्विव्हल नळीच्या टोकापासून वीतभर खाली राहील. टोकाच्या वर गेलं तर ते वेगळंच अडकतं. कोन तरीही कमी वाटला तर डोलकाठीवर हॅलयार्ड मागे खेचणारी छोटी कप्पी बसवतात, ती मित्राच्या यादीत आहे. दुसऱ्या दिवशी मतलई वाऱ्यावर बंदरात परतताना काकांनी मुद्दाम वारंवार गुंडाळली, सोडली. एकदाही अडली नाही.

मागून येणाऱ्यांसाठी आणखी थोडं. शीड उघडताना ड्रमची दोरी हातातून सावकाश सोडा, किंचित ताण ठेवून. दोरी ड्रममध्ये काटकोनात शिरली पाहिजे, म्हणून पहिली कप्पी कुठे आहे ते तपासा. पूर्ण गुंडाळल्यावरही शीटचे दोन-तीन वेढे शिडाभोवती पडावेत इतकी दोरी ड्रमवर असू द्या. नाहीतर बोयाला बांधलेल्या होडीची जिब रात्रीच्या वाऱ्यात कोपऱ्यापासून उघडते आणि सकाळपर्यंत चिंध्या होतात. मागच्या कडेवरची गडद कापडी पट्टी उन्हासाठी असते. गुंडाळल्यावर ती बाहेर येत नसेल तर ड्रमवर दोरी उलट्या बाजूने चढवली आहे. दुसरी मोकळी हॅलयार्ड फोरस्टेजवळ बांधून ठेवू नका, तीही गुंडाळली जाते.

प्रत्येक सफरीनंतर ड्रमवर आणि शक्य असेल तर स्विव्हलवर गोडं पाणी. ग्रीस मात्र कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तरच, कारण उघड्या बेअरिंगमध्ये ग्रीसला मीठ आणि वाळू चिकटते. मे संपायच्या आत जिब उतरवून घरी न्या, नुसती घट्ट बांधून ठेवणं पुरत नाही. २०२० साली निसर्ग वादळ ३ जूनला अलिबागजवळच किनाऱ्याला धडकलं, पावसाळ्याची वाटही न पाहता. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये ठेवा आणि व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर लावलेला असू द्या. दुर्बीण कॉकपिटमध्ये हाताशी ठेवा. आणि निघण्यापूर्वी ड्रमखालच्या स्प्लिट पिनांवरून बोट फिरवा. टोकं वळवलेली हवीत आणि वर टेप हवी, नाहीतर पहिली फाटणारी वस्तू तुमचं शीड असेल आणि दुसरी तुमचं बोट.