तुम्ही विचारलंत म्हणून: पाणीदार प्राण्यात धातू कशाला शोधायचे?

जेलीफिश, साल्प अशा पारदर्शक समुद्री जीवांमधले धातू मी मोजते, असं सांगितलं की समोरून हमखास येतं, "अहो, पण त्यांच्यात पाण्याशिवाय असतं काय?"

खरंच फारसं नसतं. शरीराचा सुमारे 95 टक्के भाग पाणीच. पण समुद्रातल्या लोखंडाचं पुढे काय होणार, हे ते शोषून घेणाऱ्या वनस्पती-प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, कोण खातं यावर ठरतं. आणि खाण्यात साल्पचा हात धरणारे थोडेच. स्वतःच्या चिकट स्रावाच्या जाळीतून तो सतत पाणी गाळत असतो. त्याच्या लेंड्या दिवसाला शेकडो मीटर खाली जातात आणि लोखंड, जस्त, तांबं सोबत नेतात. सुटी प्लवकपेशी एवढं अंतर उतरायला कित्येक महिने घेईल.

2009 साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर दक्षिण महासागरात 300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोखंड विरघळवलं. तिथे नायट्रेट, फॉस्फेट भरपूर, वानवा लोखंडाची. लिटरभर पाण्यात ते 50 अब्जांश ग्रॅमही नसतं. लोखंड मिळालं की प्लवक वाढतील आणि हवेतून घेतलेला कार्बन खोल पाण्यात नेतील, ही अपेक्षा. प्लवक वाढले. पण सिलिका कमी असल्याने डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच बांधणारे प्लवक, फोफावले नाहीत, आणि उरलेल्यांचा कोपेपॉड या चिमुकल्या कवचधारी जीवांनी फडशा पाडला. खोल पाण्यात कार्बन फारसा गेलाच नाही. लोहाफेक्स नावाचा हा प्रयोग अनेकांना फसलेला वाटतो. मला तो फार मोलाचा वाटतो. नुसतं लोखंड ओतून भागत नाही, हे त्याने लख्ख दाखवलं.

प्लवकांना कोण खातं हेही बघावं लागतं, म्हणून साल्प. त्याच्या लेंड्या सगळं लोखंड तळाला नेतात असंही नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्रिलच्या (कोळंबीसारख्या छोट्या समुद्री जीवाच्या) लेंड्यांपेक्षा साल्पच्या लेंड्यांतून प्लवकांना वापरता येईल असं जास्त लोखंड सुटताना दिसलं. दक्षिण महासागराच्या काही भागांत साल्प वाढताहेत, त्यामुळे ही तुलना मला तातडीची वाटते.

मोजणं मात्र जिकिरीचं. जहाजच लोखंडाचं, गंजाचा एक कण पडला तरी नमुना वाया. बाटल्या प्लास्टिकच्या, आधी आम्लाने धुतलेल्या. जाळ्यात साल्प फाटतो. धातू शरीरातला की पोटातल्या खाण्यातला, हे वेगळं करावं लागतं. आणि वाळवलेल्या साल्पच्या वजनात बहुतेक समुद्राचं मीठच असतं! त्यामुळे कोरड्या वजनामागे धातू किती, हा आकडा दिशाभूल करतो. आम्ही तो कार्बनच्या प्रमाणात मांडतो, तेव्हाच साल्पची क्रिलशी तुलना करता येते.