आमची वाटचाल : शंभर वॅटचा धंदा

मुंबईच्या हेवी मेटलबद्दल कोणी लिहायला बसलं की बँडांची नावं येतात, पोस्टरं येतात, कोणाचे केस किती लांब होते तेही येतं. मागे उभा असलेला अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, कोणाच्या गोडाऊनमधून आला होता, हे मात्र कोणी लिहीत नाही. म्हणून अ‍ॅम्प दुरुस्त करणारे आणि भाड्याने देणारे आम्हीच लिहितो.

दुकान गिरगावात, धोबी तलावाच्या अलीकडे. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. ट्रान्झिस्टर आले आणि वडिलांची व्हॉल्व्हची, म्हणजे तापून चालणाऱ्या काचेच्या नळ्यांची, विद्या फुकट गेली, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. मग 1986 साली रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक महोत्सव सुरू झाला. झेव्हियर्सशेजारचं ते उघडं थिएटर आमच्यापासून हातगाडीच्या अंतरावर. पोरांकडे कुठून कुठून आलेले मार्शल कंपनीचे अ‍ॅम्प, सगळे व्हॉल्व्हचे, आणि ते उघडायला फारसं कोणी धजत नसे. आत 450 व्होल्टच्या आसपास डीसी, आणि स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये दबा धरून बसलेला. वडिलांची पद्धत एकच: एक हात खिशात, एक हात कामाला. मीही तसाच शिकलो.

टेबलावर तेव्हा होतं तेच आजही आहे. सोल्ड्रॉनची सोल्डरिंगची इस्त्री, मोटवानेचा मीटर, आणि सिरीज बोर्ड, म्हणजे लाइनच्या वाटेत एक बल्ब जोडलेला बोर्ड. सिरीज बोर्डाशिवाय मी कोणाचाही अ‍ॅम्प लायनीला लावत नाही. बल्ब भगभगीत पेटला की आत शॉर्ट आहे, भडकून मंद झाला की पुढे चला. हल्लीची पोरं थेट प्लगमध्ये घालतात आणि मग फ्यूज का उडाला म्हणून विचारतात. मार्शलच्या शंभर वॅटच्या जेसीएम 800 मध्ये चार ईएल 34 व्हॉल्व्ह. पण नव्वदच्या दशकातल्या काही जेसीएम 900 मध्ये कारखान्यातूनच 5881 हे वेगळे व्हॉल्व्ह घालून यायचे. व्हॉल्व्हवरचं नाव न वाचता ईएल 34 चा बायस (व्हॉल्व्ह किती करंट ओढेल ते ठरवणारी मात्रा) समजून स्क्रू फिरवलात तर तुमचं तुम्ही बघा.

2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र झाले. रंगभवनला कॉलेजही खेटून, हॉस्पिटलंही जवळ, त्यामुळे तिथलं रॉक बंद पडलं. गिग, म्हणजे बँडांचे कार्यक्रम, जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसरस क्लबला, अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर, पवईला आयआयटीत गेले. टेम्पोचं भाडं परवडेना, म्हणून कलिन्याला गोडाऊन घेतलं. तोवर बिलबुकात 'भयानक मौत' असं बँडचं नाव लिहायची आमच्या हिशेबनिसालाही सवय झाली होती. पहिल्यांदा त्याने पेन खाली ठेवलं होतं.

26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर. मिठीचं पाणी गोडाऊनच्या शटरवरून आत शिरलं आणि रात्रभर बसून राहिलं. नुसतं पावसाचं पाणी असतं तर रडलो नसतो, ते गटाराचं होतं. पार्टिकल बोर्डाचे स्वस्त कॅब, म्हणजे स्पीकरच्या पेट्या, पुरीसारखे फुगले. प्लायचे वाचले, पण आतल्या सेलेस्टियन स्पीकरचे कागदी कोन लगदा. विमा होता, पण त्यात पाणी नव्हतं.

त्या आठवड्यात आम्ही काय केलं ते नीट सांगतो, कारण दर पावसाळ्यात कोणीतरी फोन करतंच. भिजलेला माल आधी चालू करून बघायचा नाही. स्वच्छ पाण्याने धुवायचा. हो, पुन्हा पाण्यानेच, नाहीतर चिखलातला क्षार तांबं खातो. मग स्पिरिट. ट्रान्सफॉर्मर काढून प्लायच्या पेटीत, आत शंभर वॅटचे बल्ब, दिवसरात्र. बोटाला कोरडा लागला म्हणजे कोरडा झाला असं नाही, मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावायचा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सरळ फेकून नवे. व्हॉल्व्ह तेवढे धुऊन, पिना घासून पुन्हा पेटले. काच काचच असते, वडील म्हणायचे.

आमच्याच टेबलावर सोल्डरिंग शिकून बाहेर पडलेला एक गृहस्थ तेव्हा उपनगरात साउंडवाला झाला होता. नाव लिहीत नाही, धंद्यातल्यांना माहीत आहे. पाणी ओसरायच्या आत त्याने आमच्या गिऱ्हाइकांना फोन फिरवले: "त्यांचा माल गटारातला आहे, माईकला ओठ लावलात तर शॉक बसेल." तोंडावर ऑगस्टचा सीझन. एकामागून एक बुकिंगं त्याच्याकडे गेली. शॉक माईकला बसतो तो बहुधा हॉलच्या अर्थिंगमुळे, वाळवून मेगर लावलेल्या अ‍ॅम्पमुळे नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं! आमचा माणूस आजही स्टेजवर गेला की आधी न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजतो, चहा नंतर.

डोंबिवलीचा एक गिटारवाला मात्र हलला नाही. त्याचा बँड कुठल्याही यादीत सापडणार नाही. दिवसा बँकेत नोकरी, रात्री सात तारांची गिटार, सगळ्यात जाड तार बी या सुराला, म्हणजे 62 हर्ट्झच्या जवळपास. तळहाताने तार दाबून तो जो ठोका काढायचा, त्यात स्पीकरची सगळी लबाडी उघडी पडते. रीकोन केलेला, म्हणजे नवा कोन बसवलेला, प्रत्येक कॅब त्याने लोकल पकडून येऊन, समोर उभा राहून वाजवून बघितला. "काका, खालचा डावा घासतोय." मी मीटर लावला, ओहम बरोबर. तो म्हणाला, "मीटर राहू द्या." उघडलं तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) खरंच केसभर तिरकी. त्याने पास केलेल्या कॅबवर खडूची फुली मारत गेलो. पुढच्या गिगांचे पैसे आगाऊ ठेवून गेला आणि पावती मागितली नाही. पावती मी दिलीच. उधारी तोंडी चालते, आगाऊ रक्कम कधीही तोंडी ठेवू नका.

नंतरची वर्षं बरी गेली. 1 फेब्रुवारी 2008 ला इंग्लंडचे आयर्न मेडन बीकेसीत आले, आपल्या विमानातून आपला माल घेऊन, गायकच वैमानिक. आम्हाला भाडं मिळालं नाही, पण तिकीट काढून गेलो आणि पेट्या कशा लावतात ते बघून आलो. मुंबईच्याच डिमॉनिक रिझरेक्शन बँडला 2010 साली मेटल हॅमर मासिकाचा ग्लोबल मेटल पुरस्कार मिळाला. त्यांना माल आम्ही दिला अशी खोटी फुशारकी मारणार नाही. पण 2017 ला त्यांनी मत्स्य, कूर्म, वराह करत दशावतारांवर अख्खा अल्बम काढला, तेव्हा आमच्या कुडाळच्या आत्याला ऐकवला. "पेटी खंय हा?" म्हणजे दशावतारी नाटकातली हार्मोनियम कुठे आहे, एवढंच तिने विचारलं.

आता पोरं पाठीवरच्या पिशवीत अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करणारा डिजिटल प्रोफाइलर घेऊन येतात, अ‍ॅम्प लागतच नाही म्हणतात. लागत नसेल. पण गाणाऱ्याच्या मागे नुसता पडदा बरा दिसत नाही म्हणून रिकामे कॅब भाड्याने नेतात. आम्ही तेही देतो, दर तोच.

2022 साली रशियातून व्हॉल्व्ह यायचे काही काळ थांबले आणि ईएल 34 चे भाव चढले. तिथल्या सारातोव्हच्या कारखान्याचा माल आम्ही आधीच भरून ठेवला होता, चार-चार व्हॉल्व्हची प्रत्येक चौकडी मोजून, डबीवर तारीख लिहून. मग त्या साउंडवाल्या गृहस्थाचा फोन आला, इतक्या वर्षांनी. "दादा, एक चौकडी मिळेल का? शो आहे."

मिळेल म्हटलं. रोख, जीएसटी वेगळा, आणि जुने व्हॉल्व्ह काढून अ‍ॅम्प इथे आणायचा. बायस मी लावून देईन.