डावं मागचं दार

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. कारण सांगितलं तर कुणीही हसेल, ही तर हसलीच. कारण एक दार आहे. डावं मागचं. आणि ते दारही आता माझ्याकडे नाही, गुरुवारी गाडीबरोबर गेलं.

नीट लिहितो, नाहीतर उद्या मलाच कळणार नाही काय खरडलंय ते. एक्स्चेंजसाठी जुनी गाडी तपासायला एक मुलगा आला होता, असेल पंचविशीचा, पाठीला सॅक, एका कानात इअरफोन तसाच. सॅकमधून त्याने एक छोटं यंत्र काढलं, टीव्हीच्या रिमोटपेक्षाही लहान, आणि गाडीभोवती फिरत बॉनेट, छप्पर, दारं, एकेका पत्र्याला टेकवत सुटला. टेकवलं की टुक्क वाजायचं आणि आकडा यायचा. मी विचारलं हे काय रे, तर म्हणे काका, रंगाची जाडी. कंपनीतून आलेला रंग असला की साधारण १०० ते १५० मायक्रॉन येतो, त्याच्या खूप वर गेला की समजायचं नंतर मारलाय. बंपरला लावत नाहीस का, म्हटलं, तर म्हणाला ते प्लास्टिक, त्याला पत्राच लागतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे प्रायमर, रंग, वरचा क्लिअर कोट सगळं मिळून दोन केसांएवढी जाडी. चौदा वर्षं मी दोन केसांवर जीव टाकत होतो, कोणी चावीच्या जुडग्याने दाराला टेकलं तरी माझ्या पोटात गोळा.

मी आपला छाती काढून उभा. ११८. १२४. ११५. उजवीकडचं सगळं झालं, मला तर मनातल्या मनात टाळ्या ऐकू यायला लागल्या. आणि मग डावं मागचं दार, ३१०. त्याने परत टेकवलं, थोडं खाली, ३४२.

काका, हे दार मारलंय.

मी म्हटलं शक्यच नाही. या गाडीला काय झालं ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही, वही आहे माझ्याकडे, आणू का? तो म्हणाला खाली लांबी, म्हणजे पुट्टी, पण भरलीय थोडी, चालतं काका, सगळेच सांगत नाहीत. आणि टॅबवर टिक करून पुढे गेला. कंडिशन: अ‍ॅव्हरेज.

आधी मला तेच लागलं होतं, अ‍ॅव्हरेज. चौदा वर्षं, १,८६,४०० किलोमीटर, एकदाही ऑइल चुकवलं नाही. ब्रेक ऑइल सुद्धा दर दोन वर्षांनी, जे लोकांना बदलायचं असतं हेच माहीत नसतं, ते हवेतला ओलावा पीत बसतं आणि ऐन घाटात उकळून दगा देतं. ९२ हजार किलोमीटरला क्लच प्लेट. १ लाख १ हजाराला टायमिंग बेल्ट, तेही तुटायची वाट न बघता, कारण तो रबराचा पट्टा चालत्या इंजिनात तुटला की कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि मग सगळाच कारभार आटोपतो. टायर घेताना कडेवरचे चार आकडे वाचल्याशिवाय पैसे दिले नाहीत, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला टायर मला कुणी गळ्यात मारू शकला नाही. आणि त्या मुलाच्या लेखी अ‍ॅव्हरेज. आणि वर खोटारडा.

दोन दिवस मी तोच अपमान चघळत होतो. नवीन गाडीच्या कागदांवर सह्या करताना पण डोक्यात तेच. शोरूममधल्या पोरीने विचारलं किती वर्षं ठेवायचा विचार आहे सर, वाढीव वॉरंटीचं बघायचं म्हणून. मी म्हटलं पंधरा. ती हसली, म्हणाली लोक आता पाच वर्षांत बदलतात. बदलू देत. पहिल्या वर्षातच किंमत सगळ्यात जास्त पडते, ती पडून झाली की खरी गाडी आपली होते, मी तर म्हणतो पाचव्या वर्षानंतरच फायद्याला सुरुवात होते, तेव्हाच लोक ती विकतात. अमेरिकेत एक शाळामास्तर होता, अर्व गॉर्डन, विज्ञान शिकवायचा. त्याने १९६६ साली एक व्होल्वो पी१८०० घेतली आणि तीच चालवत राहिला. २०१३ मध्ये तिचे ३० लाख मैल झाले. म्हणजे ४८ लाख किलोमीटर, चंद्रावर सहा वेळा जाऊन परत यायचं अंतर. मी हिशोब केला होता, माझी गाडी चंद्राच्या अर्ध्या वाटेवर पण पोचली नव्हती. २०१८ मध्ये तो गेला. गाडी आहे अजून.

मी पंधरा म्हणालो खरा. मग घरी येऊन माझं वय अधिक पंधरा केलं आणि मॅन्युअल उघडून बसलो. त्यात सर्व्हिसचं लिहिलंय, १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. तिथेच मॅन्युअल मिटलं.

असो. दाराचं लिहीत होतो.

राग उतरल्यावर मग हळूहळू दुसरंच कुरतडायला लागलं की मारलं कुणी? मी नाही. मनूला फोन केला, ती म्हणाली बाबा मी जे केलं ते तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं आणि त्याचं काय झालं तेही तुम्हाला आठवत असेल. आठवतं. खांबाला घासली होती, बंपरचा कोपरा, एवढासा चरा. मी ओरडलो नव्हतो हे मी आजवर अभिमानाने सांगत आलो. ओरडलो नव्हतो, दोन दिवस बोललोच नव्हतो. ताटावर बसायचो आणि पेपर वाचायचो.

मग वही काढली. ती वही गाडीबरोबर दिली नाही, मागितली पण नाही कोणी. निळी, कोपरे मऊ पडलेली, मधली पानं ऑइलच्या बोटांची. सगळ्या नोंदी माझ्या, फक्त मधेमधे ते तिरकं अक्षर, शाईच्या पेनातलं: हवा. ३२-३२-३०-३०. अण्णांना, माझ्या वडिलांना, हवेचं फार. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, टायर गार असतानाच, कारण चालवून तापल्यावर आकडा जास्त दाखवतो आणि मग माणूस फसतो. सगळी पानं उलटत गेलो. ९६,२१० ला अण्णांची शेवटची हवा. पुढची नोंद माझी, ९६,८९०. त्यानंतर एकदाही तिरकं अक्षर नाही.

त्याच सुमारास अण्णांनी गाडी सोडली होती ना. चावी आणून माझ्या टेबलावर ठेवली, म्हणाले आता डोळे पूर्वीसारखे नाहीत, तूच ने कुठे न्यायचं ते. मला बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं, मी हिला म्हटलं पण होतं की बघ, किती समजूतदारपणे सोडलं, लोकांच्या घरात यावरून महाभारतं होतात.

आज संध्याकाळी हिला विचारलं. कपड्यांच्या घड्या घालत होती, मान वर न करता म्हणाली, अण्णांचं ते. गेटला लागलं होतं वळताना. तू टूरवर होतास, मीच गेले होते बरोबर गॅरेजला, तीन दिवस लागले. पैसे त्यांनीच दिले. तुला सांगू नको म्हणाले.

इतकंच. आणि टॉवेल उचलला.

मी विचारलं का पण? तर तेव्हा ती हसली. तुला माहीत नाही का?

तेव्हापासून हेच चाललंय. गेटला लागलं तर लागलं, पोचा येतो, लांबी भरतात, रंग मारतात, दाराचं काम ते केवढं. मी काय खाल्लं असतं त्यांना? ज्यांनी मला पुढे दांडीवर बसवून सायकल शिकवली आणि मी ती विहिरीच्या कठड्यावर घातली तेव्हा आधी माझा गुडघा बघितला आणि मग चाक, त्यांनी त्या वयात सून बरोबर घेऊन गॅरेजच्या स्टुलावर बसून राहावं, रंग जुळतोय का नाही ते बघत, मी यायच्या आत आटपावं म्हणून. आणि रंग इतका जुळवून घेतला की सहा वर्षं मी ते दार दर रविवारी पुसलं आणि मला कळलं नाही. जगात कुणालाच कळलं नाही, दोन केसांऐवजी साडेचार केस आहेत हे एका यंत्राला कळलं.

सारखं तेच डोळ्यासमोर येतंय, ते स्टूल. त्यांच्या गुडघ्याला असलं स्टूल चालायचं नाही. हिला विचारावंसं वाटतंय की स्टूलच होतं का खुर्ची होती, पण हे विचारायचं कसं. आणि चावी ठेवताना ते एवढंसं थांबले होते का? मला वाटतंय थांबले होते. पण आता मला काहीही वाटेल.

म्हणजे डोळ्यांमुळे सोडली नाही. किंवा डोळ्यांमुळेच, आणि दार हे त्याचं निमित्त. किंवा माझ्यामुळे. हे तिसरं मी लिहून बघितलं, लिहिल्यावर पण ते तसंच बसून आहे.

आणि मजा अशी की हे सगळं लिहितोय तो माणूस कोण? गुरुवारी डिलिव्हरी. शोरूमवाल्यांनी बजावलेलं, पहिले हजार किलोमीटर जपून, फार पळवू नका, एकाच स्पीडला पण ठेवू नका, गिअर बदलत राहा, इंजिनाचे भाग एकमेकांवर बसायला वेळ लागतो. मी म्हटलं मला शिकवू नका, चौदा वर्षं काढलीत एका गाडीवर. आणि गाडी ४१ किलोमीटरवर असताना, आपल्याच पार्किंगमध्ये, त्या मोठ्या स्क्रीनवर पिवळ्या-हिरव्या रेषा बघत ऐटीत रिव्हर्स घेताना पुढचं डावं चाक कट्ट्याच्या कडेला खर्रर्र. सेन्सर पुढे आणि मागे, बाजूच्या कट्ट्याचं त्याला काय देणंघेणं. आरशात बघितलं असतं तर दिसलं असतं, पण आरशात बघायचं तर स्क्रीनचे पैसे कशाला भरले. उतरून बघितलं, अ‍ॅलॉयच्या कडेला चार बोटं लांब पांढरा ओरखडा, बोट फिरवलं तर खरखरीत, धातूची बारीक कूस बोटाला लागली.

आणि मी काय केलं? इकडेतिकडे बघितलं. चाक सरळ होतं ते थोडं आत वळवून ठेवलं, ओरखडा कट्ट्याकडे जाईल असं. वर आलो. कशी लागली पार्क करायला, हिने विचारलं. मी म्हटलं, लोण्यासारखी.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, आज रविवार. शुक्रवारी दुपारी मी फोनवर बघत होतो की अ‍ॅलॉयचा ओरखडा घरच्या घरी कसा घालवायचा, पॉलिश पेपर, टच-अप पेन, मास्किंग टेप. ही खोलीत आली तर फोन पालथा ठेवला.

(पाणी प्यायला उठलो होतो.)

ही जागीच होती. म्हणाली काय एवढं लिहितोयस. मी म्हटलं अण्णांचं. गप्प बसली. मग मीच म्हटलं की ऐक, नव्या गाडीला पण लागलंय, पुढचं चाक, मीच लावलं, गुरुवारीच.

म्हणाली माहितेय. शुक्रवारी सकाळी दिसलं. कोणीही सरळ माणूस चाक असं वाकडं करून गाडी लावत नाही.

मग बोलली का नाहीस?

तर म्हणे, म्हटलं बघू तू किती दिवस काढतोस. अण्णांनी तर सहा वर्षं काढली. आणि कूस बदलून झोपली पण.

आधी मला हसू आलं. मग नाही आलं. मग परत आलं.

जुन्या वहीत ९६,२१० आणि ९६,८९० च्या मधे एका ओळीची जागा होती, तिथे लिहून टाकलं, डावं मागचं दार, लांबी व रंग, अण्णा. तारीख लिहिली नाही, हिला पण आठवत नाहीये. अक्षर नेहमीपेक्षा बारीक काढावं लागलं, जागा तेवढीच होती.

नव्या गाडीला वही आणलेली नाही अजून. उद्या मनूचा फोन येईल, तिला पहिल्यांदा चालवायला यायचंय शनिवारी. तोवर चाकाचं तसंच राहू दे म्हणतो. तिलाच दाखवतो आधी.