तेहतीस वर्षे, चाळीस सेकंद

हयात असलेल्या नामवंतांचे मृत्युलेख आधीच तयार करून ठेवणे हा वृत्तमाध्यमांतला जुना रिवाज आहे. लंडनमधल्या ज्या रेडिओ केंद्रात मी ध्वनिसंपादक म्हणून काम करते, तिथेही असे मृत्युलेख एका फोल्डरमध्ये ठेवलेले असतात, आणि त्यांतले संगीतक्षेत्रातल्या मंडळींचे बरेचसे गेल्या काही वर्षांत माझ्या हातून जोडले गेले आहेत. निवेदन, जुन्या मुलाखतींचे तुकडे आणि गाण्यांचे अंश एकमेकांत मिसळून सहा-आठ मिनिटांचा सलग भाग तयार करायचा, त्यावर तारीख टाकायची आणि तो लवकर लागू नये अशी इच्छा करत बाजूला ठेवायचा, असे ते काम असते. ११ जानेवारी २०१६च्या सोमवारी सकाळी त्यातली ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीची फाइल मला उघडावी लागली, आणि वयाबरोबर कलाकारातली सर्जनशीलतेची आग विझते का, या प्रश्नाचे मला ठाऊक वाटणारे उत्तर त्या दिवशी डळमळले.

मी पहाटे पाचच्या पाळीला आले होते. साडेसहा-सातच्या सुमारास बोवीच्या अधिकृत पानांवर छोटेसे निवेदन आले: अठरा महिने कर्करोगाशी झुंज दिल्यानंतर तो आदल्या दिवशी, कुटुंबीयांच्या सहवासात, शांतपणे गेला होता. न्यूजरूममध्ये प्रथम कोणाचाच विश्वास बसला नाही. तीनच दिवसांपूर्वी, शुक्रवारी, त्याच्या ६९व्या वाढदिवशी ‘ब्लॅकस्टार’ हा त्याचा नवा अल्बम बाजारात आला होता आणि आजारपणाची कुणकुणसुद्धा आमच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. कोणीतरी त्याचे खाते बळकावले असावे, असेच आम्हांला वाटले. त्याच्या मुलाने, चित्रपट दिग्दर्शक डंकन जोन्स याने, बातमीला दुजोरा दिला, तेव्हा आमच्या संपादिका माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि फाइल किती मिनिटांची आहे, एवढेच त्यांनी विचारले. आठ मिनिटांची, असे मी सांगितले. पुढचे बुलेटिन संपताच ती प्रसारित झाली.

प्रसारण चालू असताना मी हेडफोन लावून ते ऐकत होते. काम तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ होते. लंडनच्या ब्रिक्स्टन भागातला जन्म, १९६९ साली ‘स्पेस ऑडिटी’ या गाण्याने मिळालेली ओळख, १९७२ साली त्याने उभे केलेले झिगी स्टारडस्ट हे पात्र, १९७७ साली बर्लिनच्या वास्तव्यात आलेले दोन अल्बम, आणि मग १९८३ सालच्या ‘लेट्स डान्स’चे जगभरातले यश, हे सगळे सात मिनिटांहून अधिक वेळात ऐसपैस मांडलेले होते. त्यानंतर संगीत हळूहळू विरत जात होते, आणि पुढची वर्षे आधीच्या तेजाच्या सावलीत गेली, अशा अर्थाचे वाक्य निवेदक म्हणत होता. तिथून शेवटापर्यंत चाळीस सेकंद. १९८३ पासून २०१६ पर्यंतची तेहतीस वर्षे मी चाळीस सेकंदांत बसवली होती.

ती फाइल मी २०११ साली तयार केली होती, आणि त्या वेळी हा निर्णय मला वावगा वाटला नव्हता. २००४ साली जर्मनीतल्या एका महोत्सवात गाताना त्याला हृदयविकाराचा त्रास झाला, दौरा अर्धवट सोडावा लागला, आणि २००६नंतर तो रंगमंचावर गायलाच नाही. तो निवृत्त झाला असे सगळ्यांनीच गृहीत धरले होते, आणि मीही इतरांसारखाच विचार केला की साठी उलटलेला हा माणूस आता उरलेले आयुष्य न्यूयॉर्कमध्ये निवांत घालवील. मग ८ जानेवारी २०१३ रोजी, त्याच्या ६६व्या वाढदिवशी, कोणतीही पूर्वसूचना न देता त्याचे नवे गाणे प्रसिद्ध झाले, आणि मार्चमध्ये ‘द नेक्स्ट डे’ हा संपूर्ण अल्बम आला, ज्यावर त्याने सुमारे दोन वर्षे इतक्या गुप्तपणे काम केले होते की वादकांकडून गुप्ततेचे करार सही करून घेतले होते. तेव्हा मी ती फाइल उघडून त्यात एक वाक्य घातले, आणि लांबी वाढू नये म्हणून त्याआधीचे एक वाक्य काढून टाकले. चाळीस सेकंदांचे चाळीसच राहिले.

याहून मनाला लागली ती शुक्रवारची गोष्ट. ‘ब्लॅकस्टार’ आला त्या दिवशी आमच्या एका कार्यक्रमासाठी मी त्यातले तीन तुकडे कापले होते. दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला, वाद्ये जोरात सुरू होण्याआधी, धाप लागल्यासारखे श्वास ऐकू येतात. बोललेल्या आवाजातले श्वास, ओठांचे आवाज, अडखळणे काढून टाकणे ही माझी रोजची सवय आहे, आणि त्या सवयीने मी तो तुकडा श्वासांच्या पुढून कापला, म्हणजे ड्रम थेट कानावर आदळतील. ते श्वास आजाराचे होते असे मी म्हणत नाही, ते मला कळण्याचा मार्ग नाही. पण अंतिम मिश्रणात ते ठेवलेले होते, म्हणजेच त्या माणसाला ते ऐकवायचे होते, आणि मी ते अडगळ समजून कापले होते.

साडेसातला मी संपादिकांकडे गेले आणि दुपारच्या विशेष कार्यक्रमाचे संपादन मला द्यावे, आणि त्याची सुरुवात शेवटाकडून करू द्यावी, अशी विनंती केली. पंचवीस मिनिटांचा कार्यक्रम होता. त्यांनी थोडा विचार केला, श्रोत्यांना जुनी गाणी हवी असतील याची आठवण करून दिली, आणि पहिली दहा मिनिटे तुझी, असे म्हणून होकार दिला.

मग मी संग्रहातल्या मुलाखती पुन्हा ऐकू लागले, आणि वयाबद्दलच्या ज्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे असे मी इतकी वर्षे समजत होते, तो प्रश्नच वेगळा असल्याचे ध्यानात आले. बोवीची खरी पडती वर्षे होती, आणि ती लपवण्याचा त्याने स्वतः कधी प्रयत्न केला नाही. ‘लेट्स डान्स’च्या प्रचंड यशानंतर आपण आपल्यासाठी नव्हे, तर त्या नव्या, अफाट श्रोतृवर्गासाठी गाऊ लागलो, आणि १९८४ व १९८७चे अल्बम त्यामुळेच फसले, असे तो पुढे मोकळेपणाने सांगत असे. पण १९८४ साली तो ३७ वर्षांचा होता आणि १९८७ साली ४०. शरीर धडधाकट, आवाज उत्तम, पैसा मुबलक. आग विझलीच असेल, तर ती वार्धक्याने विझलेली नव्हती. मग १९९५ साली, ४८व्या वर्षी, त्याने संगीतकार-निर्माता ब्रायन ईनोला सोबत घेऊन पुन्हा एक अवघड अल्बम केला, आणि १९९७ साली, पन्नाशीत, लंडनच्या तरुण क्लबांमधला जंगल संगीताचा वेगवान ठेका आपल्या गाण्यांत आणला. हे सगळे माझ्या फाइलमधल्या त्या ‘सावलीत’ घडले होते.

‘ब्लॅकस्टार’ कसा घडला, हे मी त्या सकाळी अधिक बारकाईने वाचले. २०१४ साली संगीतकार मारिया श्नायडर यांच्या शिफारशीवरून बोवी न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधल्या ‘फिफ्टीफाइव्ह बार’ या छोट्याशा ठिकाणी सॅक्सोफोनवादक डॉनी मकॅस्लिन यांची जॅझ चौकडी ऐकायला गेला. या मंडळींचा रॉकशी फारसा संबंध नव्हता, आणि ती सगळी त्याच्याहून बरीच तरुण होती. २०१५च्या आरंभी त्याने त्यांना ‘मॅजिक शॉप’ स्टुडिओत बोलावले. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी, जो १९६० च्या दशकापासून त्याच्याबरोबर काम करत आला होता, म्हणतो की त्या दिवसांत ते दोघे केंड्रिक लमारचे रॅप ऐकत होते, आणि रॉक अँड रोल टाळायचे, हेच उद्दिष्ट होते. शीर्षकगीत जवळजवळ दहा मिनिटांचे आहे. एकूण गाणी सात. शेवटच्या गाण्यात हार्मोनिकाची जी धून येते, ती ऐकणाऱ्याला १९७७च्या ‘लो’ या अल्बममधल्या एका रचनेकडे घेऊन जाते. सोमवारी अकराच्या सुमारास मी दोन्ही तुकडे पडद्यावर एकाखाली एक ठेवून ऐकले, आणि माझ्या अंगावर काटा आला. तिशीच्या उंबरठ्यावर असताना वाजवलेले ते सूर त्याने निरोपाच्या गाण्यात पुन्हा आणले होते.

तीन वाजता, कार्यक्रमाचा अखेरचा हात फिरवत असताना, सांगलीहून बाबांचा फोन आला. त्यांनी टीव्हीवर बातमी पाहिली होती.

“अगं, तुमच्याकडचा कोणी मोठा गवई गेला म्हणे?”

“हो बाबा, डेव्हिड बोवी. सकाळपासून त्याच्याच कामात आहे.”

“वय काय होतं?”

“एकोणसत्तर.”

“अरेरे,” बाबा म्हणाले. “म्हणजे ऐन भरात होता.”

त्यांनी बोवीचे एकही गाणे ऐकलेले नाही, आणि ते सहज बोलले होते. पण ज्या घरात मी वाढले, तिथे गवयाच्या बाबतीत हे वाक्य स्वाभाविकच आहे. मी लहान असताना बाबांनी मला पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवात नेऊन मल्लिकार्जुन मन्सूर ऐकवले होते, ज्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या आसपास होते, आणि त्या मंडपात कोणी त्यांच्या तारुण्याची आठवण काढत बसलेले नव्हते. ख्याल ऐकणाऱ्याला ठाऊक असते की वयाबरोबर आवाजाचा पल्ला आखडतो, दमसास कमी होतो, आणि गवई त्या मर्यादेतूनच गाण्याची नवी वाट काढतो. रॉकचे मात्र तारुण्याशी लग्न लागलेले आहे. ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडच्या पीट टाउनसेंडने १९६५ साली, विशीत असताना, म्हातारे होण्याआधी मरण यावे अशा अर्थाची ओळ लिहिली आणि ती एका पिढीची घोषणा झाली. तो स्वतः सत्तरीतही मंचावर गिटार वाजवत राहिला. रॉक ऐकणाऱ्यांनी वृद्धत्व ऐकायचा कान तयारच केला नाही, असे मला त्या दिवसापासून वाटते, आणि त्या ऐकणाऱ्यांत मी स्वतःला धरते.

तरीही सगळेच वयस्क कलाकार पेटते राहतात, असे मी म्हणणार नाही. पुष्कळांचे नवे लिहिणे थांबते किंवा विरळ होते. रोलिंग स्टोन्सचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम २००५ नंतर थेट २०२३ साली आला, आणि मधली अठरा वर्षे ते भव्य दौरे करत राहिले. मी मैदानांवरच्या मैफलींचे ध्वनिमुद्रणही केले आहे, आणि गायकाने आता एक नवे गाणे, असे म्हणताच माझ्या गर्दीकडे रोखलेल्या माइकमध्ये एक विशिष्ट कुजबुज येते, खुर्च्या सरकतात, लोक खाण्यापिण्याच्या स्टॉलकडे निघतात. रेकॉर्डच्या विक्रीतून पूर्वीसारखे उत्पन्न राहिलेले नाही, कमाई दौऱ्यांतून होते, आणि दौऱ्याचे तिकीट चाळीस वर्षांपूर्वीच्या गाण्यांसाठी विकले जाते. अशा माणसाने सत्तराव्या वर्षी रात्रीमागून रात्र विशीतली गाणी म्हटल्यावर त्याची सर्जनशीलता आटली असे आपण म्हणतो, तेव्हा त्या आटण्यातला आपला वाटा आपण मोजत नाही. बोवीने २००४ नंतर दौरे बंद केले. ते त्याला परवडत होते, हेही खरे. पण त्यामुळे त्याची शेवटची बारा वर्षे जुन्या गाण्यांच्या मागणीपासून मोकळी राहिली, आणि ‘ब्लॅकस्टार’च्या जन्माला ही गोष्ट आजारपणाइतकीच कारणीभूत असावी, असे माझे मत आहे.

कार्यक्रम चार वाजता प्रसारित झाला. त्याची सुरुवात मी त्या श्वासांनी केली. कोणतेही निवेदन नाही, शीर्षकसंगीत नाही, पहिल्यांदा फक्त श्वास, आणि मग ड्रम. तांत्रिक कक्षातून लगेच इंटरकॉम वाजला, कारण नियंत्रण टेबलावरच्या सहकाऱ्याला वाटले की कोणाचा तरी माइक चुकून चालू राहिला आहे. ते असेच आहे, राहू दे, असे मी सांगितले.

संध्याकाळी घरी जाताना मी ब्रिक्स्टनला उतरले. स्टेशनसमोरच्या भिंतीवरच्या त्याच्या चित्राखाली फुलांचा ढीग झाला होता, आणि रस्ताभर माणसे गात होती. बहुतेक सगळी गाणी १९७० च्या दशकातली होती. मला त्यांचा राग आला नाही, मीही त्यांच्याबरोबर गायले. त्याच आठवड्यात व्हिस्कॉन्टीने एका मुलाखतीत सांगितले की शेवटच्या आठवड्यांत बोवीने आणखी पाच गाणी लिहून त्यांची कच्ची ध्वनिमुद्रणे केली होती आणि त्याला अजून एक अल्बम करायचा होता.

पुढच्या सोमवारी मी संपादिकांची परवानगी घेऊन त्या फोल्डरमधल्या साठीपुढच्या सगळ्या संगीतकारांच्या फाइलींची शेवटची दोन-दोन मिनिटे ऐकायला सुरुवात केली, आणि पहिली उघडली ती कॅनडाचा गायक-गीतकार लेनर्ड कोहेन याची. तो तेव्हा ८१ वर्षांचा होता, आणि त्याच्या फाइलमध्येही अखेरच्या भागावर संगीत माझ्याच हाताने विरत जात होते. मी ते विरणे काढून टाकले, त्याच्या सत्तरीनंतरच्या अल्बमांसाठी तीन मिनिटे मोकळी केली, आणि त्यापुढे थोडी जागा रिकामी ठेवली. ऑक्टोबरमध्ये त्याचा नवा अल्बम आला. पाठीच्या दुखण्यामुळे त्याने तो घरीच, खुर्चीत बसून, मुलाच्या मदतीने ध्वनिमुद्रित केला होता. मी त्यातला तुकडा, सुरुवातीचा श्वास न कापता, त्या रिकाम्या जागेत बसवला. १० नोव्हेंबरच्या रात्री त्याच्या निधनाची बातमी जाहीर झाली, तेव्हा फाइलमध्ये काहीही बदलावे लागले नाही.